अडीचशे डॉलरचा पत्ता

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी डीएमव्हीची रांग असतेच. गेल्या वर्षी लायसन्सच्या कामासाठी तिथे दीड तास काढला. फॉर्मवर पत्ता लिहिताना डोक्यातला कॉम्प्युटरवाला जागा झाला : हा डेटा नक्की कोणाकोणाला दिसतो? घरी येऊन शोधाशोध केली आणि हाती आली ती एका २१ वर्षांच्या मुलीची गोष्ट.

रिबेका शेफर तिचं नाव. मूळची ओरेगनची. १९८६ ते १९८८ या काळात सीबीएसवर ‘माय सिस्टर सॅम’ नावाची विनोदी मालिका लागायची, त्यात ती धाकट्या बहिणीचं काम करायची. शेजारच्या घरातली वाटावी अशी हसरी मुलगी. ॲरिझोनातल्या टूसॉन गावचा एक पोरगा तिचा चाहता झाला. (त्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही.) त्याने पत्रं पाठवली. चाहत्यांना देतात तसं एक साधं उत्तर तिच्याकडून आलं आणि ह्याला वाटलं, आपलं जुळलं! १९८७ मध्ये तो भेट घेऊन स्टुडिओच्या दारात पोचला. रखवालदारांनी परत पाठवलं.

१९८९ मध्ये एका सिनेमात त्याने तिला प्रणयदृश्यात पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. ‘आपली’ मुलगी बिघडली म्हणे! बघा, जिने त्याला कधी काही कबूल केलं नव्हतं, तिनेच विश्वासघात केल्याचा हा राग. त्याने एका खासगी डिटेक्टिव्हला अडीचशे डॉलर दिले. त्या डिटेक्टिव्हने पत्ता मिळवला तो डीएमव्हीच्या रेकॉर्डमधून. त्या काळी ही माहिती सहज मिळायची. ना हॅकिंग, ना पासवर्डची चोरी. सिस्टिम जशी बनवली होती तशीच चालली.

१८ जुलै १९८९. लॉस एंजेलिसमधल्या तिच्या घराची बेल वाजली. ती त्याच्याशी दोन शब्द सभ्यपणे बोलली आणि त्याला निरोप दिला. थोड्या वेळाने तो परत आला आणि दारातच त्याने तिला गोळी घातली. १९९१ मध्ये त्याला जन्मठेप झाली, पॅरोलशिवाय.

या घटनेनंतर कायदे बदलले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा, मग बाकीच्या राज्यांनीही तो केला. १९९४ मध्ये लायसन्सची माहिती जपणारा केंद्रीय कायदा आला. माझा पत्ता आज जो थोडाफार सुरक्षित आहे, त्याची किंमत त्या मुलीने मोजली आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकन वेड, आपला काय संबंध? १९९० सालीच उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका मुलीला जाळून मारलं होतं. कारण तेच, तिचा नकार. आपली वर्तमानपत्रं अशा बातमीत अजूनही ‘एकतर्फी प्रेमातून’ असं लिहितात. ह्याला प्रेम का म्हणायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. १९९३ मध्ये ‘डर’ आला. हिरो सनी देओल होता, पण लोकांनी नकला केल्या त्या पाठलाग करणाऱ्या शाहरुखच्या. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात होबार्टच्या कोर्टात पाठलागाचा आरोप असलेल्या एका भारतीयाच्या वकिलाने चक्क हिंदी सिनेमाच्या संस्काराचं कारण पुढे केलं आणि त्याचा तुरुंगवास टळला. भारतात पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो थेट २०१३ मध्ये.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी एका मुलीला विचारलं होतं. तिने स्पष्ट ‘नाही’ सांगितलं. मित्र म्हणाले, “अरे, मुली आधी नाहीच म्हणतात, लावून धर.” मग मी दोन महिने तिच्या बसस्टॉपवर उभा राहायचो. काही बोलायचो नाही, नुसता उभा. एके दिवशी ती दिसेनाशी झाली. नंतर कळलं, ती लांबच्या स्टॉपवरून दुसरी बस पकडायला लागली होती. तेव्हा मला वाटलं, भाव खातेय. कँटीनमध्ये तसं बोललोही.

रिबेकाची गोष्ट वाचली त्या रात्री मला ती बस आठवली. मी काही वाईट करणार नव्हतो, हे मला ठाऊक होतं. तिला ते कुठून ठाऊक असणार?

हल्ली घरी मालिका बघताना एखादा हिरो नकारानंतरही मुलीच्या मागे लागला, की लेक म्हणते, “बाबा, तिने हो म्हणायला हवं ना? बिचारा किती ट्राय करतोय!” पूर्वी मी नुसता हसलो असतो. आता टीव्ही पॉजवर टाकतो आणि तिला माझ्या त्या बसस्टॉपची गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

असो. सणाच्या दिवशी जरा जड विषय झाला खरा, सांभाळून घ्या.