इंडिया पेल एल : एका नांवाची पारख

पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेंत गाढवांचा बाजार भरतो. तेथें आलेला जाणता गिऱ्हाईक विकणाराच्या तोंडची स्तुति ऐकत बसत नाहीं. तो जनावराचें तोंड उघडून दांत पाहतो, चार पावलें चालवून बघतो आणि मगच किंमत बोलतो. जनावराकडून जें काम घ्यावयाचें त्यावरून त्याची पारख करावयाची, हें त्याला कोणीं शिकवावें लागत नाहीं. बिअरची पारखही एके काळीं अशाच रोखठोक रीतीनें होत असे. हल्लीं पुण्यामुंबईंत लहान लहान पेले ओळीनें मांडून, वास घेऊन, घोट तोंडांत घोळवून गुण देण्याची हौस वाढली आहे; आणि या हौशी मंडळींत ‘इंडिया पेल एल’ या जातीच्या बिअरला मोठा मान आहे. नांवांत हिंदुस्थान आहे, पण ही बिअर येथें जन्मली नाहीं, आणि येथील लोकांसाठीं तर मुळींच नव्हे. मग हें नांव तिला कां चिकटलें, आणि ज्या गुणांसाठीं तें चिकटलें तेच गुण आजचे पारखी मोजतात काय, हें पाहण्यासारखें आहे.

लंडनच्या पूर्वेस बो या गांवीं जॉर्ज हॉजसन यानें १७५२ च्या सुमारास बिअरचा कारखाना चालविण्यास घेतला. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें ज्या ब्लॅकवॉलच्या धक्क्यावरून सुटत, तो धक्का तेथून जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःच्या खाजगी व्यापारासाठीं थोडा माल नेण्याची मुभा असे. हॉजसननें त्यांना बिअर उधारीवर दिली, आणि तीही वर्ष-दीड वर्षाच्या मुदतीवर. कप्तानानें माल कलकत्त्यास किंवा मुंबईस विकावा, परत यावें आणि मग पैसे चुकते करावे. त्याच्या यशाचें अर्धें रहस्य या उधारींतच होतें. त्यानें हिंदुस्थानासाठीं मुद्दाम नवी बिअर शोधून काढली, ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. परंतु तिला भक्कम आधार नाहीं. फिकट रंगाची, हॉपचीं फुलें भरपूर घातलेली आणि वर्ष-वर्ष मुरवून पिण्याची बिअर इंग्लंडांतील खेड्यांपाड्यांतले जमीनदार पूर्वींपासून करवीत असत. तीच जहाजांवर चढली.

प्रवास मात्र लहानसहान नव्हता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येण्यास चार ते सहा महिने लागत, आणि वाटेंत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. लांकडी पिपें जहाजाच्या तळाशीं हेलकावे खात. थंडींतून उष्णतेंत, पुन्हां थंडींत, पुन्हां उष्णतेंत अशी त्यांची स्थिति होई. इतक्या हालांत साधी बिअर आंबून जावयाची. हॉपच्या फुलांतील कडू द्रव्यें बिअर आंबट करणाऱ्या जंतूंना वाढूं देत नाहींत, म्हणून पिपांत तीं सढळ हातानें घालीत. ही बिअर फार कडक असे, हा दुसरा गैरसमज. तिच्यांतील मद्यार्क शेंकडा सहा-साडेसहाच्या आसपास असे, आणि त्या काळच्या इंग्लंडांत त्याहून कडक बिअर सर्रास मिळे. गोऱ्या शिपायांच्या वांट्यास तर बहुधा काळसर पोर्टरच येई. फिकट एल ही अंमलदारांच्या आणि मुलकी साहेबांच्या मेजावरची चीज होती. बर्फ मिळेना तेव्हां आबदार सोऱ्याच्या पाण्यांत बाटली फिरवून ती थंड करी. अमेरिकेहून आलेला बर्फ १८३३ मध्यें कलकत्त्यास उतरला, आणि पुढें मुंबईसही येऊं लागला.

मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला विलायती माल वरघांटीं नेणें हेंही एक दिव्यच होतें. बोर घाटांतून गाड्या जाऊं लागल्या त्या १८३० पासून, आणि घाटांतून रेल्वे सुरू झाली ती १८६३ मध्यें. अहमदनगरचा किल्ला आर्थर वेलस्लीनें १८०३ च्या ऑगस्टांत घेतला, आणि पुढें तेथें इंग्रजांची मोठी छावणी वसली. हें शहर आज अहिल्यानगर म्हणून ओळखलें जातें. दौंड-मनमाड फांट्यावरून तेथें आगगाडी आली ती १८७८ मध्यें. तोंपर्यंत छावणीच्या मालाला शेवटच्या टप्प्यांत बैलगाडीशिवाय गति नव्हती. सहा महिन्यांचा समुद्र, मग घाट, मग दख्खनचा उन्हाळा! एवढें सोसून जें पेय स्वच्छ आणि सुवासिक राही तेंच खरें. ना गुणपत्रिका, ना परीक्षकांची समिति.

हॉजसनच्या वारसांना मात्र लोभ सुटला. १८२० नंतरच्या कांहीं वर्षांत त्यांनीं भाव वाढविला, उधारी बंद केली आणि कप्तानांना बाजूस सारून स्वतःच माल पाठविण्यास प्रारंभ केला. कंपनीच्या संचालकांपैकीं कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यानें १८२२ मध्यें बर्टन गांवच्या सॅम्युएल ऑल्सॉपला ही बिअर दाखवून तशी करण्याविषयीं सुचविलें. त्याच सुमारास रशियानें जकात वाढविल्यामुळें बर्टनच्या कारखानदारांचा तिकडचा व्यापार बुडाला होता. त्यांनाही नवें गिऱ्हाईक हवेंच होतें. ऑल्सॉपच्या पदरीं असलेल्या जॉब गुडहेड यानें पहिला नमुना चहाच्या किटलींत तयार केला, असें सांगतात. किटलीची गोष्ट खरी असो वा नसो, बर्टनचें पाणी मात्र खरोखरच कामास आलें. त्यांत जिप्समचा अंश पुष्कळ, आणि अशा पाण्यांत हॉपचा कडवटपणा नितळ व खणखणीत उतरतो. ऑल्सॉपच्या मागोमाग त्याच गांवचा बास आला. कोणाचा माल चांगला पोंचला, कोणाचा गढूळ झाला, याच्या वार्ता हिंदुस्थानांतून पत्रांनीं विलायतेस जात आणि त्यांवरून पुढील वर्षाची मागणी ठरे. पारखी येथें आणि कारखाना तेथें, अशी ती व्यवस्था होती. गंमत अशी, कीं ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हें नांव छापील स्वरूपांत प्रथम आढळतें तें सिडनीच्या एका वृत्तपत्रांत, १८२९ मध्यें. लिव्हरपूलजवळ १८२७ मध्यें जहाज फुटलें, त्यावरील पिपें लिलावांत गेलीं आणि तेव्हांपासून इंग्लंडास या बिअरचा छंद लागला, ही कथाही अशीच ऐकीव. ती १८६९ मधील एका पुस्तकानें पसरविली, १८२७ चा समकालीन पुरावा तिला नाहीं.

प्रवासांत पिपामध्यें काय घडे, तें शास्त्राला पुष्कळ उशिरां कळलें. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत क्लॉसेन यानें १९०४ मध्यें मुरलेल्या इंग्रजी बिअरमधून एक निराळें किण्व वेगळें काढलें आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसिस’ म्हणजे ब्रिटिश किण्व असें नांव दिलें. जुन्या बिअरचा तो विशिष्ट मुरलेला वास या किण्वाचा. म्हणजे नगरच्या किंवा पुण्याच्या छावणींत साहेबाच्या पेल्यांत जें पडे त्यांत हॉपचा ताजा दरवळ फारसा उरलेला नसे. कडवटपणा मऊ झालेला असे आणि मुरलेपणाचा वास वर आलेला असे. लोणचें मुरल्यावरच चवीस येतें, तसाच हा प्रकार.

पुढें पहिल्या महायुद्धांतील करांनीं इंग्लंडांत ही बिअर पातळ झाली आणि तिचें नुसतें नांव उरलें. अमेरिकेंत बॅलंटाईनच्या कारखान्यानें ती लांकडी टाक्यांत वर्षभर मुरविण्याची चाल बरीच वर्षें टिकविली. १९७२ मध्यें ओरेगॉनमधून कॅस्केड नांवाचें हॉपचें नवें वाण प्रसिद्ध झालें. त्याचा वास मोसंब्यासारखा, देवदारासारखा. १९७५ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्यानें या वाणाची ‘लिबर्टी एल’ काढली, आणि तेथून नव्या इंडिया पेल एलची वाट फुटली.

आजच्या गुणपद्धतीचें माहेरही अमेरिकाच. तेथें १९८५ मध्यें स्थापन झालेल्या परीक्षक-मंडळाच्या पत्रिकेंत पन्नास गुण असतात : वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडांतील स्पर्शाला पांच आणि एकंदर परिणामाला दहा. कडवटपणा मोजण्याचें मापही आहे. लिटरमागें हॉपच्या कडू द्रव्याचे किती मिलिग्रॅम उतरले, तो आंकडा. या जातीच्या बिअरला तो साधारण चाळीस ते सत्तर असतो. पद्धत वाईट नाहीं. ती जिभेला शिस्त लावते आणि ‘छान आहे’ या आळशी अभिप्रायापेक्षां कांहीं अधिक बोलावयास भाग पाडते. पण वासाचे बारा गुण पदरांत पडतात ते ताज्या हॉपच्या दरवळाला! बाटलीवर भरल्याची तारीख पाहून, दोन-तीन महिने झाले असल्यास नाक मुरडणारा आजचा पारखी, दोनशें वर्षांपूर्वींच्या अस्सल पिपाला काय गुण देईल? बहुधा शिळें म्हणून बाजूस सारील. नांव एकच, पारख मात्र नेमकी उलटी.

महाराष्ट्रांत ही नवी बिअर आली तीही वळसे घेऊनच. जुन्या मुंबई इलाख्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. पुढें तो सैल पडला, तरी परवान्याची अट कागदावर अजूनही आहे. २००९ मध्यें पुण्यांत जागच्या जागीं बिअर करून देणारें ‘डूलाली’ सुरू झालें. हें नांव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचेंच रूप आहे. तेथील छावणींत मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहतां पाहतां गोऱ्या शिपायांचें डोकें फिरे, म्हणून ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजींत वेडसर या अर्थीं रूढ झाला. त्यानंतर पुण्यांत आणि मुंबईंत असे आणखी कारखाने निघाले, आणि इंडिया पेल एल हा नांवापुरता हिंदी असलेला माल खरोखर येथें तयार होऊं लागला. हॉपची वेल मात्र आपल्या उष्ण दख्खनांत फुलत नाहीं; तिला लांब दिवसांचा उन्हाळा आणि कडक हिंवाळा लागतो. देशांत ती हिमाचलांतील लाहौलच्या खोऱ्यांत लावतात, पण सुवासिक नवीं वाणें परदेशांतूनच आणावीं लागतात, आणि तीं हवाबंद पाकिटांत घालून थंड ठेवावीं लागतात, नाहींतर तो वास उडून जातो.

येथील एखाद्या कारखानदारानें ही बिअर लांकडी पिपांत भरून दख्खनच्या एका उन्हाळ्यांतून काढावी आणि मग पारख्यांपुढें ठेवावी. तिला पन्नासांपैकीं गुण कमी पडले, तरी इंडिया हा शब्द त्या पिपावर लिहिण्याचा हक्क तिला इतरांहून अधिक राहील.