केमो संपली तरी फाईल फेकू नका

पुण्याहून लेकराला घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला खेटे घातलेली घरं आपल्या ओळखीत असतातच. त्यातली कितीतरी मुलं आज चाळिशीत आहेत.

१९४७-४८ मध्ये बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. औषध आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमचं. आजार हटायचा, पण उलटायचा. पुढे कळलं, की कॅन्सरच्या पेशी मेंदूभोवती लपतात. म्हणून साठच्या दशकात डोक्याला रेडिएशन देऊ लागले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आलेल्या एमसीपी-८४१ उपचारातही ते होतं. मुलं वाचली, पण काहींची उंची खुंटली, काहींना अभ्यास जड जाऊ लागला. नंतर बहुतेकांना रेडिएशनऐवजी पाठीच्या कण्यातून औषध देणं सुरू झालं. अँथ्रासायक्लिन जास्त मिळालं असेल, तर हृदयावरचा परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो.

म्हणूनच टाटामध्ये १९९१ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं एसीटी क्लिनिक निघालं.

तेव्हा मंडळी, कोणती औषधं, किती डोस, रेडिएशन झालं का, हे एका कागदावर उतरवून घ्या. पुण्यातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तो दाखवा. त्यांना न सांगता कसं कळणार?