वधूवस्त्र पैठणी : परंपरा आणि बाजारपेठ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी असलेले प्राचीन प्रतिष्ठान होय. या नगराच्या नावाने ओळखली जाणारी पैठणी पेशवाईत तसेच निजाम राजवटीत राजाश्रयाने बहरली व महाराष्ट्रात वधूचे मानाचे वस्त्र ठरली. नाशिक जिल्ह्यातील येवल्यातही हे विणकाम रुजले.

पैठणीचे वैशिष्ट्य मोर, असावली यांसारख्या नक्षीइतकेच विणण्याच्या पद्धतीत आहे. पदरावरील नक्षीत प्रत्येक रंगाचा बाणा स्वतंत्रपणे हाताने गुंतवला जातो. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. अशा भरजरी पैठणीस अनेक महिने लागू शकतात.

आज विवाहाच्या बाजारपेठेत पैठणीचे घागरे, जॅकेट व डिझायनर ब्लाउजही दिसतात. मागणी वाढली, हे खरे. परंतु यंत्रमागावर नक्षीची नक्कल करता येते, हातगुंफणीची नाही. अशा वस्त्राच्या उलट बाजूस सुटे वा कापलेले धागे आढळतात. पैठणीस 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावास संरक्षण लाभले. मात्र विणकराच्या श्रमाचे मोल ग्राहकाच्या पारखीवरच अवलंबून आहे. म्हणूनच वधूपक्षाने खरेदीच्या वेळी पदर उलटून पाहणे, हे या परंपरेच्या जतनातील पहिले पाऊल ठरते.