चित्राला धार देणारी धूसर फिल्म

फोटोला धार आणायची असली की ‘अनशार्प मास्क’ हे साधन हाताशी येतं. फोटोशॉपमध्ये ते आहे, फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही आहे. अमाउंट, रेडियस आणि थ्रेशोल्ड हे त्याचे तीन स्लायडर. यातल्या पहिल्या दोघांचं मूळ डार्करूममध्ये आहे.

1930च्या दशकात जर्मनीत ही युक्ती वापरात आली. निगेटिव्हखाली काच ठेवायची, काचेखाली कोरी फिल्म, आणि वरून विखुरलेला प्रकाश सोडायचा. काचेच्या जाडीत प्रकाश पसरतो, त्यामुळे खालच्या फिल्मवर त्याच चित्राची फिकट, धूसर पॉझिटिव्ह उमटते. हा झाला मास्क. मग काच काढून निगेटिव्ह आणि मास्क एकमेकांवर नेमके जुळवायचे आणि दोन्हींमधून एकच प्रिंट काढायची.

निगेटिव्ह जिथे दाट, तिथे मास्क विरळ. त्यामुळे उजेड-अंधाराचे मोठे फरक एकमेकांना खोडतात. बारीक तपशील मात्र धूसर मास्कमध्ये उतरलेलाच नसतो, म्हणून तो खोडला जात नाही. आता उजेड-अंधार दाखवण्याची प्रिंटच्या कागदाची सगळी क्षमता त्या तपशिलालाच मिळते. शिवाय कडेपाशी धूसर मास्क आणि रेखीव निगेटिव्ह यांचा मेळ बसत नाही, आणि कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ, गडद बाजूला आणखी गडद अशी बारीक रेघ उमटते. त्या रेघेमुळे डोळ्याला कड धारदार वाटते. कडेशी डोळा स्वतःच असा फरक वाढवून पाहतो, हे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी 1865मध्येच दाखवलं होतं.

या तंत्राची खरी ताकद दिसली ती आकाशाच्या छायाचित्रांत. डेव्हिड मॅलिन मूळचे रसायनतज्ज्ञ. 1975मध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत आले. दुर्बिणीतली छायाचित्रं तेव्हा काचेच्या प्लेटवर घेतली जात, आणि मॅलिन यांनी त्या प्लेटच्या जाडीचाच धूसरपणासाठी उपयोग केला. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा झगझगीत गाभा आणि बाहेरचे अंधूक पदर एकाच प्रिंटवर दिसू लागले. मला ही या कुळकथेतली सर्वांत देखणी पायरी वाटते: प्लेटवर प्रकाश कधीच नोंदला गेला होता, तो नजरेला आणून देणारी कृती मात्र एका डार्करूमच्या जाणकाराने घडवली.

छपाईच्या ड्रम स्कॅनरांनी तेच काम विजेवर घेतलं. चित्रावरून येणारा प्रकाश दोन छिद्रांतून मोजला जाई, एक लहान, एक मोठं. मोठ्यातून येणारा सरासरी उजेड म्हणजे धूसर प्रत. सॉफ्टवेअरही याच वाटेने जातं. चित्राची धूसर प्रत करायची, ती मूळ चित्रातून वजा करायची आणि उरलेला फरक वाढवून मूळ चित्रात मिसळायचा.

म्हणून रेडियस सरकवताना आपण जणू काचेची जाडी बदलत असतो, आणि अमाउंट म्हणजे मास्कचा दाटपणा. थ्रेशोल्डला मात्र काचेच्या त्या कृतीत जोडीदार नाही. चेहऱ्याची कड आणि गालावरचे रवाळ ठिपके यांत काचेला भेद करता येत नसे; थ्रेशोल्ड किरकोळ फरक बाजूला ठेवतो, म्हणून त्वचा खरखरीत होत नाही. डोंगराच्या कडेला आकाशात पांढरं वलय दिसू लागलं, तर आधी रेडियस कमी करावा.