एम्प्रेस मिल, नागपूर

एम्प्रेस मिल ही महाराष्ट्रातील नागपूर शहरात 1877 ते 2002 या काळात चाललेली कापूस कताई व विणाईची गिरणी होती. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी ती स्थापन केली. तिच्या मालक कंपनीचे नाव 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' असे होते. स्थाननिवड, यंत्रांचे नूतनीकरण, कारखान्यातील हवेचे नियमन आणि कामगारांची नियमित हजेरी या चारही गोष्टींचा उत्पादनाशी एकत्रित विचार करणारा भारतातील आरंभीचा कारखाना म्हणून औद्योगिक इतिहासात या गिरणीचा उल्लेख होतो. कारखान्यातील उत्पादन साखळीचे नियोजन आणि कार्यक्षमता या विषयाच्या अभ्यासासाठी तिचा इतिहास उपयुक्त आहे.

स्थापना आणि जागेची निवड

जमशेटजी टाटा यांनी 1869 मध्ये मुंबईतील चिंचपोकळी येथील बंद पडलेली तेलगिरणी विकत घेऊन तिचे 'अलेक्झांड्रा मिल' या कापड गिरणीत रूपांतर केले होते. ती गिरणी त्यांनी सुमारे दोन वर्षांनी नफ्यात विकली. त्यानंतर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात जाऊन त्यांनी कापड उद्योगाचा अभ्यास केला. त्या काळात नवी गिरणी काढायची ती मुंबईत, असा सर्वसाधारण प्रघात होता. जमशेटजींनी मात्र कापूस, कोळसा आणि बाजारपेठ या तिन्हींचे अंतर विचारात घेऊन नागपूरची निवड केली. वऱ्हाड आणि हिंगणघाट परिसरातील कापूस जवळ होता. वरोरा येथील कोळशाच्या खाणीतून इंधन मिळण्यासारखे होते. 1867 मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यामुळे मालाची ने-आण सुलभ झाली होती.

15 लाख रुपये भांडवलावर 1874 मध्ये कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची (आजचा गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव) सखल, दलदलीची जमीन भराव घालून वापरात आणली गेली. 1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीने 'भारताची सम्राज्ञी' हा किताब धारण केल्याची घोषणा झाली होती. त्यावरून गिरणीला 'एम्प्रेस' हे नाव मिळाले.

गिरणीच्या व्यवस्थापकपदी बेझनजी दादाभाई मेहता यांची नेमणूक झाली. ते पूर्वी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालवाहतूक विभागात होते आणि कापड उद्योगाचा त्यांना अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू लँकेशायरहून आलेले जेम्स ब्रुक्सबी सांभाळत.

उत्पादनाची साखळी

कापड गिरणीत कापूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात क्रमाने जातो. गासड्या फोडून कापूस मोकळा व स्वच्छ करणे (ब्लो रूम), पिंजून त्याचे पेळू तयार करणे (कार्डिंग), पेळू एकत्र ओढून सारखे करणे (ड्रॉइंग), त्यांना हलका पीळ देऊन बारीक करणे (रोव्हिंग), चात्यांवर सूत कातणे, ताणा भरणे, ताण्याला खळ देणे आणि शेवटी मागावर कापड विणणे, असे हे टप्पे आहेत. एका टप्प्याचा पक्का माल हा पुढच्या टप्प्याचा कच्चा माल असतो. त्यामुळे संपूर्ण गिरणीचे उत्पादन सर्वांत कमी क्षमतेच्या टप्प्याने ठरते. अशा टप्प्याला उत्पादन व्यवस्थापनात 'अडथळ्याचा टप्पा' म्हणतात.

हा हिशेब पुढील गृहीत आकड्यांवरून स्पष्ट होतो. हे आकडे एम्प्रेस मिलच्या दप्तरातील नसून केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, चाती मिनिटाला 9,000 फेरे घेते आणि 20 नंबरी सुताला प्रत्येक इंचात 20 पीळ लागतात. तर मिनिटाला 450 इंच, म्हणजे साडेबारा यार्ड सूत निघेल. दहा तासांत ते 7,500 यार्ड होईल. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या 840 यार्डांच्या लडींची संख्या. यावरून एका चातीचे दिवसाचे उत्पादन सुमारे 0.45 पौंड येते. तार तुटणे, भरलेल्या कांड्या बदलणे आणि सफाई यांत दहा टक्के वेळ जातो असे धरल्यास ते 0.40 पौंडांवर येते. 10,000 चात्यांचे उत्पादन मग दिवसाला 4,000 पौंड होईल.

कच्च्या मालाचा अंदाज याच आकड्यावरून निघतो. कापसात 15 टक्के केरकचरा व घट धरल्यास रोज सुमारे 4,700 पौंड कापूस लागेल. 392 पौंडांच्या भारतीय गासडीच्या मापाने त्या सुमारे 12 गासड्या होतात. वर्षात 300 दिवस काम चालले, तर 3,600 गासड्यांची तरतूद करावी लागेल. कापूस मात्र मुख्यतः हिवाळ्याच्या हंगामात बाजारात येतो. त्यामुळे वर्षभराचा साठा केव्हा व किती करायचा आणि त्यात भांडवल किती गुंतवायचे, हा गिरणीच्या नियोजनातील मोठा प्रश्न असे.

टप्प्यांचा मेळ बसला नाही तर काय होते, हेही याच उदाहरणात दिसते. कार्डिंगचे एक यंत्र ताशी 8 पौंड पेळू देत असेल, तर दहा तासांत 4,000 पौंडांसाठी 50 यंत्रे लागतील. त्यांपैकी पाच बंद पडली, तर पुढच्या खात्याला 3,600 पौंडच माल मिळेल आणि एक दशांश चात्या मालाअभावी रिकाम्या राहतील. अशा वेळी चात्यांचा वेग वाढवून किंवा कातणाऱ्यांना दटावून काहीही साध्य होत नाही. दुरुस्ती कार्डिंग खात्यातच करावी लागते.

यंत्रांचे नूतनीकरण आणि रिंग चाती

आरंभी गिरणीत थ्रॉसल व म्यूल या प्रकारच्या सुमारे 30,000 चात्या आणि 450 माग होते. सुरुवातीची यंत्रे कमी प्रतीची होती आणि उत्पादन समाधानकारक नव्हते. जमशेटजींनी ती टप्प्याटप्प्याने बदलण्याचा निर्णय घेतला.

यांतील महत्त्वाचा बदल 1880 च्या दशकाच्या पूर्वार्धात झाला. अमेरिकेत विकसित झालेल्या रिंग चातीची चाचणी ब्रुक्सबी यांनी नागपुरात घेतली. म्यूल यंत्र आधी सूत ओढून त्याला पीळ देते आणि नंतर थांबून ते गुंडाळते. त्यामुळे त्याचे काम खंडित स्वरूपाचे असते आणि त्यासाठी बळकट, कुशल कामगार लागतो. रिंग यंत्रात कड्यावर फिरणाऱ्या 'ट्रॅव्हलर' नावाच्या छोट्या तारेच्या तुकड्यामुळे पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी व अखंड चालते. म्यूलचे सूत मऊ असते आणि बारीक नंबरांसाठी ते अधिक योग्य मानले जाई. नागपूरच्या गिरणीत कातल्या जाणाऱ्या जाड व मध्यम नंबरांसाठी मात्र रिंग यंत्र अधिक उत्पादक ठरले. चाचणी यशस्वी झाल्यावर गिरणीने रिंग चात्यांचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला. लँकेशायरमधील बहुसंख्य गिरण्या त्यानंतरही कित्येक दशके म्यूलवरच अवलंबून राहिल्या.

हवेचे नियमन आणि सुरक्षितता

विदर्भाचा उन्हाळा तीव्र व कोरडा असतो. कापसाच्या तंतूतील ओलावा कमी झाला की तो कमकुवत होतो, घर्षणामुळे त्यावर विद्युतभार साचतो आणि सूत वारंवार तुटते. तुटलेली प्रत्येक तार हाताने सांधावी लागते आणि तोपर्यंत ती चाती वाया जाते. मागावर ताण्याचा एक धागा तुटला, तर संपूर्ण माग थांबवावा लागतो. यावर उपाय म्हणून एम्प्रेस मिलमध्ये हवेत आर्द्रता राखणारी यंत्रणा बसवण्यात आली. आगीपासून संरक्षणासाठी पाणी फवारणारी स्वयंचलित यंत्रणाही बसवली गेली. कापसाचा तंतू व धूळ यांमुळे गिरण्यांना आगीचा धोका कायम असे. भारतातील गिरण्यांमध्ये या दोन्ही सोयी प्रथम येथेच झाल्या, असे टाटांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

आर्द्रतेचा कामगारांवर होणारा परिणाम मात्र दुहेरी होता. तार कमी तुटल्याने श्रम वाचत. परंतु बंदिस्त खात्यातील उष्ण व दमट हवा प्रकृतीला त्रासदायक असे. म्हणूनच गिरण्यांतील आर्द्रता व वायुवीजन हा पुढे कारखाना कायद्याचाही विषय झाला.

हजेरी आणि मनुष्यबळाचे नियोजन

सुरुवातीच्या काळात गिरणीत रोज सुमारे 20 टक्के कामगार गैरहजर असत. शेतीची कामे, सणवार, लग्नकार्ये आणि आजारपण ही त्या काळी गैरहजेरीची सर्वसाधारण कारणे होती. बारमाही पाळीची शिस्त ही शेतीवर जगणाऱ्या समाजाला नवीन होती. या प्रमाणात यंत्रांवर 100 कामगार हवे असतील, तर हजेरीपटावर 125 नावे ठेवावी लागतात. गिरण्यांमध्ये ही तूट बदली कामगारांकरवी भरून काढली जाई. परंतु अनोळखी यंत्रावर आलेल्या बदली कामगाराकडून उत्पादन कमी निघते.

दंड करणे किंवा कामावरून काढणे हा त्या काळचा रूढ मार्ग होता. एम्प्रेस मिलने त्याऐवजी कामगाराला गिरणीत टिकून राहणे फायद्याचे वाटावे, असे उपाय योजले. नियमित हजेरीसाठी बक्षिसे दिली जात. खेळांचे वार्षिक समारंभ होत. 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, 1895 पासून अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ झाला आणि 1901 मध्ये भविष्य निर्वाह निधी स्थापन झाला. भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये झाला. यावरून या योजनांचे वेगळेपण लक्षात येते. व्यवस्थापनासाठी शिक्षित भारतीय तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन सर्व खात्यांत प्रशिक्षण देण्याची पद्धतही येथे सुरू झाली. पुढे इंदोरा भागात कामगारांसाठी वसाहत उभी राहिली. त्या परिसरातील 'बेझनबाग' हे नाव बेझनजी मेहता यांच्यावरून पडले आहे.

कामगार संघर्ष

कार्यक्षमतेच्या या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, 1877 मध्ये, वेतनदराच्या प्रश्नावरून येथील कामगारांनी संप केला. भारतातील कापड गिरण्यांमधील पहिला ज्ञात संप म्हणून कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद होते. 1881 च्या कारखाना कायद्याने केवळ मुलांच्या आणि 1891 च्या कायद्याने स्त्रियांच्याही कामाच्या तासांवर मर्यादा घातली. प्रौढ पुरुषांसाठी कापड गिरण्यांत 12 तासांची मर्यादा 1911 मध्ये आली. ती 1922 मध्ये 11, तर 1934 मध्ये 10 तासांवर आणली गेली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील उत्पादनवाढीत यंत्रांबरोबर दीर्घ श्रमाचाही वाटा होता.

एका कामगाराने किती चात्या किंवा किती माग सांभाळावेत, हा विसाव्या शतकात देशभरातील गिरण्यांमधील वादाचा मुद्दा बनला. मुंबईत 1928 चा सार्वत्रिक संप मुख्यतः अशा 'रॅशनलायझेशन'विरुद्ध झाला होता. नागपूरच्या गिरणी कामगारांचे नेतृत्व त्या काळात रा. स. रुईकर यांनी केले. कामगारांचा आक्षेप नव्या यंत्रांना होता, असे सरसकट म्हणता येत नाही. माणसे कमी करायची, उरलेल्यांवरील भार वाढवायचा, पण वाढीव उत्पादनाचा वाटा वेतनात द्यायचा नाही, याला त्यांचा मुख्य विरोध होता.

ऱ्हास आणि समाप्ती

स्वातंत्र्योत्तर काळात संघटित गिरण्यांच्या मागांच्या विस्तारावर शासकीय धोरणाने मर्यादा आणल्या. दुसरीकडे यंत्रमागांचे कापड कमी खर्चात बाजारात येऊ लागले, कृत्रिम धाग्यांचा वापर वाढला आणि धोट्याविना चालणारे जलद माग जगभर प्रचलित झाले. देशातील अनेक जुन्या गिरण्यांत यंत्रांच्या नूतनीकरणाचा वेग मंदावला. एम्प्रेस मिल तोट्यात गेली आणि 1986 मध्ये कंपनीने काम थांबवले. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करून गिरणी ताब्यात घेतली आणि ती महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपवली. 2002 मध्ये ती कायमची बंद झाली. गिरणीच्या जागेवर पुढे 'एम्प्रेस सिटी' हा निवासी व व्यापारी प्रकल्प आणि 'एम्प्रेस मॉल' उभे राहिले.

महत्त्व

फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ 1911 मध्ये प्रसिद्ध झाला आणि फोर्ड कंपनीची सरकती जुळणी रेषा 1913 मध्ये सुरू झाली. एम्प्रेस मिलमधील प्रयोग त्यांच्या आधीचे आहेत. त्यांमागे लिखित सिद्धान्त नव्हता. मात्र कच्च्या मालाची जवळीक, टप्प्यांचा मेळ, यंत्राची चाचणी घेऊनच स्वीकार आणि वाया जाणाऱ्या वेळाच्या कारणांवर उपाय, ही आजच्या उत्पादन व्यवस्थापनातील सूत्रे त्यांत दिसतात. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये तयार केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. याच कल्पनेतून पुढे टोयोटा उत्पादन पद्धतीचे एक तत्त्व विकसित झाले. कारखान्यातील नियोजनाच्या अनेक संकल्पनांना कापड गिरण्यांची पार्श्वभूमी आहे, हे यावरून दिसते.

एम्प्रेस मिलच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतून असेही दिसते की कार्यक्षमता एकदा मिळवली म्हणून टिकत नाही. आरंभीची निकृष्ट यंत्रे वेळीच बदलल्यामुळे ही गिरणी उभी राहिली. तंत्रज्ञान, धोरण आणि बाजारपेठ बदलल्यावर ती स्पर्धेत टिकू शकली नाही आणि त्याची झळ तेथील कामगार कुटुंबांना सोसावी लागली.

हेही पाहा

जमशेटजी टाटा
स्वदेशी मिल, कुर्ला
मुंबईतील कापड गिरण्या
गांधीसागर तलाव, नागपूर