शिझोफायलम कम्यून (सायनसचा संसर्ग)

शिझोफायलम कम्यून : वाळक्या लाकडावर वाढणारे, माणसाच्या सायनसमध्ये क्वचित संसर्ग करणारे कवक. स्वीडिश शास्त्रज्ञ एलियास फ्राइस यांनी १८१५ मध्ये त्याला हे नाव दिले. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत ते आढळते. पावसाळ्यात मेलेल्या फांद्यांवर त्याच्या लहान, करड्या-पांढऱ्या, हातपंख्यासारख्या अळंब्या उगवतात. त्यांच्या खालच्या पटल्या उभ्या चिरलेल्या असतात. मणिपुरात ही अळंबी आवडीने खातात. तिचे बीजाणू हवेतून नाकात जातात. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींच्या सायनसमध्ये मात्र ॲलर्जीमुळे दाट, चिकट स्राव साचतो किंवा बुरशीचा गोळा तयार होतो. हाडात वा डोळ्याच्या खोबणीत शिरकाव विरळा.

खरी अडचण निदानाची आहे. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पाहिला. त्यातील बुरशीचे तंतू रुंद आणि जवळजवळ पडदेविरहित असतात, त्यामुळे ऊतीच्या छेदात ते वेगळे कळतात. शिझोफायलमचे तंतू रंगहीन आणि पडदेयुक्त असल्यामुळे ते ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचेच वाटतात. म्हणून केवळ बायोप्सीच्या अहवालावर बुरशीचे नाव ठरवू नये. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये न टाकता कल्चरसाठी पाठवणे अत्यावश्यक आहे.

कल्चरसाठीच्या साबुरो माध्यमावर पांढरी, कापसाळ, बहुधा उग्र वासाची वाढ होते. तिच्यावर बीजाणू दिसत नाहीत, आणि इथेच घात होतो : हवेतून पडलेली बुरशी समजून प्लेट टाकून दिली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंच्या कडेला बारीक काटे आणि पडद्यांपाशी आकड्यासारख्या ‘क्लॅम्प’ जोडण्या दिसल्या, तर संशय बळावतो. प्लेट उजेडात काही आठवडे राखली, तर कधीकधी तिच्यावरच अळंबी धरते. इतका बोलका पुरावा प्रयोगशाळेत क्वचितच मिळतो. एककेंद्रकी (पेशीत एकच केंद्रक असलेल्या) वाणांत मात्र क्लॅम्प नसतात. असा वाण ओळखीच्या एककेंद्रकी वाणाशेजारी वाढवतात. जुळणी झाल्यास क्लॅम्प तयार होतात. हल्ली डीएनएच्या आयटीएस भागाचा क्रम वाचून खात्री करतात. सूक्ष्मजीव ओळखणाऱ्या मॅल्डी-टॉफ यंत्राच्या संग्रहात ही जाती असेल, तरच त्याचे उत्तर उपयोगी पडते.

उपचारात दुर्बिणीतून सायनस साफ करण्याला पहिले स्थान आहे. फ्लुकोनॅझोलवर भिस्त ठेवता येत नाही. औषधाची गरज पडल्यास इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल किंवा ॲम्फोटेरिसिन-बी वापरतात.