पित्ताशय आणि पडदा

१५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी ४३ वर्षांच्या एका माणसाचे पित्ताशय काढून टाकले. सोळा वर्षे पोटदुखीने पिचलेला, मॉर्फीनच्या आहारी गेलेला हा रुग्ण दुसऱ्या दिवशी सिगार ओढत होता, अशी नोंद आहे. त्याआधी १५ वर्षे अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये जॉन बॉब्ज यांनी पित्ताशय उघडून खडे काढले होते, पण पिशवी जागच्या जागी ठेवली होती. लांगेनबुख यांचा युक्तिवाद असा की, ज्या पिशवीत खडे तयार होतात ती राहिली तर खडे पुन्हा होणारच. तेव्हा पिशवीच काढावी. मृतदेहांवर काही वर्षे सराव करून त्यांनी ही शस्त्रक्रिया बसवली आणि पुढची शंभर वर्षे तिच्या गाभ्यात फारसा फरक पडला नाही. भूल सुधारली, प्रतिजैविके आली, क्ष-किरणांत पित्तनलिका दिसू लागल्या. पण उजव्या बरगड्यांखाली वीतभर छेद घ्यायचा, यकृत वर उचलून धरायचे, नलिका आणि रोहिणी बांधायची आणि पिशवी यकृतापासून सोडवायची, हा क्रम तसाच राहिला. छेद मोठा असे त्याला कारण होते. ही जागा खोल आणि अडचणीची आहे. शिवाय तिथल्या नलिका आणि रक्तवाहिन्या प्रत्येक माणसात पुस्तकातल्या चित्राप्रमाणे असतील याची खात्री नाही. हात जायचा, उजेड पोचायचा आणि समोर उभ्या असलेल्या मदतनिसालाही दिसायचे, तर पोट ऐसपैस उघडावे लागे. छेदात कंजुषी करू नये, हे सर्जन मंडळींच्या शिकवणीतले एक सूत्रच होते.

ही परंपरा १९८५ ते १९९२ या सात वर्षांत मोडली. तो इतिहास सहसा छेदाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: मोठी जखम जाऊन चार लहान भोके आली, दुखणे कमी झाले, माणूस लवकर घरी जाऊ लागला, म्हणून जगाने नवी पद्धत उचलली. यातली विधाने बहुतेक खरी आहेत, त्यातला ‘म्हणून’ मात्र मला पटत नाही. लहान छेद त्याआधीही उपलब्ध होता, दुर्बीण तर कितीतरी आधी आली होती. या दोन्हींना जे जमले नाही ते टीव्हीच्या पडद्याने केले. सर्जनच्या एका डोळ्याला दिसणारे दृश्य त्याने खोलीतल्या सगळ्यांचे केले. या पद्धतीचे यश आणि तिने केलेले नुकसान, दोन्ही तिथूनच सुरू होतात.

दुर्बिणीची वंशावळ जुनी आहे. १९०१ मध्ये ड्रेस्डेनचे गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत दुर्बीण घातली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी हा प्रयोग माणसांवर केला. १९२९ च्या सुमारास जर्मनीत हाइन्त्स काल्क यांनी तिरके पाहता येईल अशी भिंगे बसवली आणि यकृताचे तुकडे तपासण्यासाठी ही पद्धत नियमित वापरली. हंगेरीचे यानोश वेरेश यांनी १९३८ मध्ये स्प्रिंगची सुई प्रसिद्ध केली ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी. आज पोट फुगवताना तीच वापरतात. युद्धानंतर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या रचनेमुळे दुर्बिणीतले चित्र लख्ख झाले. म्हणजे १९७० च्या आसपास पोटात भोकातून पाहण्याची साधने जवळपास तयार होती. ती वापरत होते ते फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. सर्जन लांब राहिले.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीचा केवढा उपयोग केला याचा पुरावा आपल्याच घरात आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रासह देशभरातल्या कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत दुर्बिणीतून नसबंदी होऊ लागली. ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ खेड्यापाड्यांतल्या बायकांना ठाऊक झाले तेव्हा शहरातल्या बड्या सर्जननी दुर्बिणीला हातही लावलेला नव्हता. शिबिरातला डॉक्टर दुर्बिणीच्या टोकाला डोळा लावी, बीजवाहिनी ओढून घेई, तिच्यावर रबरी कडे चढवी आणि काही मिनिटांत पुढच्या टेबलाकडे जाई. त्या शिबिरांतल्या घाईची आणि उद्दिष्टांच्या दडपणाची कथा काळी आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. इथे महत्त्वाचे हे की, एका डोळ्याची आणि एका हाताची दुर्बीण लाखो नसबंद्यांना पुरली, पित्ताशयाला मात्र पुरली नाही. नसबंदीत करायचे एकच असते. पित्ताशयात कुणीतरी पिशवी वर ओढून धरावी लागते, दुसऱ्याने दोन हातांनी नलिका मोकळ्या कराव्या लागतात, आणि हे तासभर चालते. एक हात दुर्बीण धरण्यात अडकलेला, डोळा तिला चिकटलेला, मदतनीस आंधळा, अशा स्थितीत हे काम कुशल माणसालाही पेलण्यासारखे नव्हते.

यावर पहिला आक्षेप एरिश म्यूहे यांच्या नावाने घेतला जाईल. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन या गावी १२ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांनी पोट न उघडता पित्ताशय काढले आणि मार्च १९८७ पर्यंत अशा ९४ शस्त्रक्रिया केल्या. त्यांचे प्रेरणास्थान कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम. झेम यांनी पोटात वायू भरणारे स्वयंचलित यंत्र बनवले, आतल्या आत गाठी मारण्याची रीत काढली आणि १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. त्यावर जर्मन सर्जन संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांचा व्यवसाय थांबवावा अशी मागणी केली होती. म्यूहे यांच्या वाट्यालाही तेच आले. एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी आपले काम जर्मन सर्जनांच्या परिषदेत मांडले तेव्हा त्यांची टिंगल झाली. पुढे एक रुग्ण दगावल्यावर त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला आणि त्यातून सुटायला १९९० साल उजाडले. तोवर जग त्यांच्या पद्धतीकडे वळले होते आणि श्रेय फ्रेंचांना देऊन मोकळे झाले होते. या कथेतला अहंकार आणि अन्याय खरा आहे. १९९२ मध्ये त्याच जर्मन संघटनेने त्यांना पुरस्कार देऊन तो एका परीने मान्यही केला.

पण अहंकाराने सगळे उलगडत नाही. १९८९ मध्ये जग या पद्धतीकडे वळू लागले तेव्हाही टिंगल करणारी पिढी त्याच खुर्च्यांवर बसली होती. तीन वर्षांत माणसे बदलत नाहीत. शिवाय म्यूहे यांच्या ९४ शस्त्रक्रियांचा तपशील पाहावा. पहिल्या काही रुग्णांनंतर त्यांनी पोटात वायू भरणे आणि भिंगांतून पाहणे दोन्ही सोडले आणि बरगडीच्या कडेला रुंद नळी बसवून तिच्यातून नुसत्या डोळ्यांनी काम सुरू केले. ज्याने दुर्बिणीचे पित्ताशय जगात पहिल्यांदा केले, त्यालाच डोळा लावायची दुर्बीण गैरसोयीची वाटली. माझ्या मते म्यूहे हे माझ्या म्हणण्याला अपवाद नसून त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत.

१९८० च्या दशकाच्या मध्यात दुर्बिणीच्या टोकाला बसेल एवढा लहान चिप-कॅमेरा मिळू लागला. लियोंच्या फिलिप मुरे यांनी मार्च १९८७ मध्ये एका स्त्रीच्या गर्भाशयाभोवतालची दुखणी पाहताना त्याच बैठकीत तिचे पित्ताशयही काढले. त्यांनी त्यावर लेखही लिहिला नाही. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये फ्रांस्वा द्युबुआ आणि बोर्दोत झाक पेरिसा यांनी कॅमेरा लावून हे काम पद्धतशीर सुरू केले. १९८९ च्या वसंतात अमेरिकेतल्या लुइव्हिल येथील परिषदेत पेरिसा यांना व्यासपीठ मिळाले नाही. त्यांनी बाहेरच्या एका दालनात आपली चित्रफीत लावली आणि सभागृहातली गर्दी तिकडे सरकली. शस्त्रक्रियेच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. निबंध वाचून कुणी शस्त्रक्रिया शिकत नाही आणि उघड्या पोटाभोवती फार तर चारपाच माणसे उभी राहतात. इथे शेकडो सर्जन नेमके तेच पाहत होते जे करणाऱ्याने पाहिले होते. अमेरिकेत नॅशव्हिलचे रेडिक आणि ओल्सेन यांच्यासारख्यांनी वर्ग सुरू केले. शनिवार-रविवारी डुकरांवर हात बसवायचा आणि सोमवारी माणसांवर चालवायचा, इतकी घाई झाली. १९९२ पर्यंत तिथली सुमारे ८० टक्के पित्ताशये याच मार्गाने निघत होती. तोवर जुन्या आणि नव्या पद्धतीची मोठी, नीट आखलेली तुलना कुणी केलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही घाई पडद्याने केली की बाजाराने? उपकरणे विकणाऱ्या कंपन्या होत्या, जाहिराती होत्या, आणि लहान व्रण हवा असलेला रुग्ण शेजारच्या सर्जनकडे जाईल ही धास्ती होती. हे सारे मान्य. पण बाजाराला लहान व्रणच विकायचा असता तर तो आधीच दुकानात होता. याच द्युबुआंनी १९८२ मध्ये चारपाच सेंटिमीटरच्या छेदातून, कुठल्याही दुर्बिणीविना, पित्ताशय काढण्याची रीत प्रसिद्ध केली होती. ती स्वस्त होती, नवी यंत्रे लागत नव्हती, तरी मूठभरांनीच ती घेतली. पुढे शेफिल्डच्या संशोधकांनी २०० रुग्णांवर या दोन रीतींची तुलना केली आणि १९९६ मध्ये ती छापली. दोन्ही गटांना सारख्याच पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे कोणते ऑपरेशन झाले हे रुग्णाला आणि परिचारिकांना कळत नव्हते. रुग्णालयातला मुक्काम सारखाच निघाला. वेळ मात्र दुर्बिणीला ६५ मिनिटे आणि लहान छेदाला ४० मिनिटे लागली. म्हणजे रुग्णाचा जो फायदा आपण दुर्बिणीच्या खात्यावर मांडतो त्यातला बराचसा छेद आखूड केल्याचा आणि लवकर घरी जाण्याची अपेक्षा रुजवल्याचा आहे. तरीही आखूड छेद हरला, कारण त्या अरुंद फटीत एकालाच दिसते. मदतनीस अंदाजाने ओढतो, शिकणारा विद्यार्थी गुरूच्या पाठीकडे पाहत उभा राहतो. ती विद्या करणाऱ्याच्या बोटांतच राहते.

पडद्याने दिले तसे घेतलेही. बोटांचा स्पर्श गेला, खोलीचे भान गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील सर्जनांनी १९९१ मध्ये १५१८ रुग्णांचा हिशेब मांडला. सर्जनांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के आणि त्यानंतरच्यांत ०.१ टक्का होते. या आकड्याचा अर्थ उघड आहे: सर्जनच्या शिकण्याची किंमत पहिल्या तेराजणांनी भरली. मुख्य पित्तनलिका कापली जाणे म्हणजे कावीळ, पुन्हा शस्त्रक्रिया आणि कित्येकदा आयुष्यभराचे दुखणे. २००३ मध्ये लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास केला तेव्हा ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम निघाले. पित्ताशय एका बाजूला ओढल्यावर मुख्य नलिका पित्ताशयाच्या नलिकेच्या रेषेत येते. सर्जन आत्मविश्वासाने, सफाईने, चुकीची नलिका कापतो. १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी यावर सांगितलेला उपायही पाहण्याचाच होता: तिथला त्रिकोण पूर्ण साफ करा, पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना उरल्या आहेत हे डोळ्यांनी पाहा, मगच कात्री चालवा.

आणखी एक हिशेब क्वचितच सांगितला जातो. मेरिलँड राज्यात १९८९ ते १९९२ या काळात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण ०.८४ टक्क्यांवरून ०.५६ टक्क्यांवर आले, पण मृतांची एकूण संख्या घटली नाही. शस्त्रक्रियाच सुमारे २८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. ज्या खड्यांकडे पूर्वी डॉक्टर आणि रुग्ण दोघेही काणाडोळा करत, ते आता टेबलावर येऊ लागले.

भारतात हा वाद वेगळ्या शब्दांत झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरली. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सहज मिळत नसताना पोटातला क्षय किंवा यकृताचा आजार पोट न फाडता ओळखण्याचा तो स्वस्त मार्ग होता. ३१ मे १९९० रोजी तिथेच त्यांनी देशातले पहिले दुर्बिणीचे पित्ताशय केले. गरीब देशाला ही चैन परवडेल का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते की रोजंदारीवर जगणाऱ्यालाच आठ दिवस आधी कामावर जाण्याची गरज जास्त असते. शेफिल्डचे आकडे पाहता हे उत्तर निम्मेच टिकते. तोच मजूर आखूड छेदानेही जवळपास तितक्याच लवकर उठला असता, आणि कमी खर्चात. पण तो छेद कुठल्या तालुक्याच्या गावी कुणी, कुणाकडून शिकून घेतला असता, याचे उत्तर मिळत नाही. दुर्बिणीची विद्या मात्र उदवाडियांच्या पिढीने कार्यशाळांतून, थेट प्रक्षेपणांतून, चित्रफितींतून देशभर नेली.

आता तीसहून अधिक वर्षांनंतर गणित उलटले आहे. आज शिकून बाहेर पडणाऱ्या सर्जनने दुर्बिणीतून कैक पित्ताशये काढलेली असतात आणि पोट उघडून काढलेली थोडीच. उघडावे लागते ते नेमके तेव्हा, जेव्हा सूज, चिकटा आणि रक्तस्राव यांनी पडद्यावर काहीच ओळखू येईनासे होते. म्हणजे लांगेनबुख यांची शस्त्रक्रिया अजून जिवंत आहे, पण ती वाट्याला येते ती सर्वांत बिकट पित्ताशयांच्या, आणि करावी लागते ती अशा हातांना, ज्यांनी ती सोप्या पित्ताशयांवर कधी गिरवलेली नाही.